सरनोबत बाईंची नदी

सरनोबत बाईंनी पहिल्या दिवशी मला खायला दगड दिला.

अटलांटिकमधल्या न्यूफाउंडलंड बेटावर, सेंट जॉन्सला, दगडांचे नमुने ठेवतात त्या कोअर स्टोअरमध्ये मी नवंकोरं हेल्मेट घालून उभी होते. आतमध्ये फ्रीजसारखी थंडी. बाईंनी शर्टाच्या खिशातून शेंगदाण्याएवढी करडी कपची काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"घे. धुतलेली आहे."

मी ती उजेडात धरून बघायला लागले.

"बघतीस काय? चाव की."

नोकरीचा पहिला दिवस होता. सांगितलं ते करायचं ठरवूनच आले होते. मी चावली.

"वाळू, पोयटा की चिखल?"

"चिखल."

"परत चाव."

दुसऱ्या वेळी मी ती समोरच्या दातांत धरून हळू दाबली. तेव्हा अगदी बारीक कचकच लागली, पालेभाजी नीट धुतली नसली की लागते तशी.

"पोयटा जी," मी म्हणाले.

"बरोबर. आणि हा 'जी' कुठला?"

"वणीचा. यवतमाळ जिल्हा."

"राहू दे मग. चांगला आहे."

अशी आमची ओळख झाली. मी वणीची. बाबा कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. नागपूरला एम.एस्सी. केलं, मग इथे येऊन दुसरं मास्टर्स केलं, आणि समुद्रातल्या एका मोठ्या तेलक्षेत्रावर काम करणाऱ्या कंपनीत जिओलॉजिस्ट म्हणून लागले. बाई तिथे सल्लागार होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दर वर्षी त्यांचा करार वाढायचा, कारण त्यांना घरी जा असं सांगायची कोणाची छाती नव्हती.

दगड चावून बघणं हे काही बाईंनी शोधून काढलेलं नाही. भूशास्त्राच्या पोरांना पहिल्या वर्षालाच सांगतात. चिखलाचा दगड दाताखाली लोण्यासारखा गुळगुळीत लागतो, पोयट्याचा कचकचतो. वाळू तर डोळ्यांनाच दिसते, तिला दात लागत नाहीत. फरक एवढाच, की बाकीचे लोक कॉलेज संपलं की चावायचं सोडतात आणि कॉम्प्युटर बघतात. बाई पंचाहत्तरीला टेकल्या तरी चावत होत्या. दात सगळे स्वतःचे. डेंटिस्टने एकदा विचारलं, तुम्ही नेमकं खाता काय? बाईंनी डायनासोरच्या काळातल्या दगडांचं नाव सांगितलं, क्रिटेशस.

सेफ्टीच्या माणसाने एकदा कोअर स्टोअरच्या भिंतीवर पाटी लावली, 'इथे खाण्यापिण्यास मनाई आहे.' बाईंनी ती नीट वाचली, दगड तोंडात टाकला, आणि त्यालाच विचारलं, "हे खाणं की पिणं?" पाटी अजून तिथेच आहे. बाईंना ती लागू नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

दिसायला बुटक्या, रुंद, पक्क्या. अंगात पुरुषी चौकड्यांचा शर्ट, पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट आणि त्यांत लोकरीच्या मोज्यांचे दोन थर. गळ्यात सोन्याची साखळी आणि त्या साखळीत भूशास्त्रवाल्यांचं घडीचं भिंग. "दोरी कुजते गं. सोनं कुजत नाही," म्हणायच्या. ती साखळी त्यांच्या मिस्टरांनी दिलेली. डॉक्टर सरनोबत इथल्या हॉस्पिटलात होते. दोघं सत्तरच्या दशकात कोल्हापूरहून आले. डॉक्टर जाऊन आता बराच काळ झाला. त्यांच्याबद्दल बाई फारशा बोलायच्या नाहीत, पण भिंग पुसायचं झालं की साखळी आधी पुसायच्या.

कोअर स्टोअरचं राज्य जेरीचं. पन्नाशीचा उंच माणूस, बाप-आजा मासेमारीतले. विहीर खोदताना पोकळ टोकाने दगडाचा लांब दंडगोल कापून वर काढतात, त्याला कोअर म्हणतात. तो करवतीने उभा चिरून खोक्यांत मांडून ठेवतात, कापलेल्या काकडीसारखा. शेकडो खोकी. ती फोर्कलिफ्टने काढून टेबलावर लावायची, हे जेरीचं काम. इतकी वर्षं बाईंबरोबर काढल्यामुळे त्याला मराठी तीन शब्द येत होते, वाळू, चिकल आणि बस. खोकी आणताना लांबूनच ओरडायचा, "मोर चिकल, डॉक्टर सार?" बाई म्हणायच्या, "बस, जेरी, बस." बाई पीएच.डी., म्हणून डॉक्टर, आणि सरनोबत हे नाव त्याने पहिल्याच दिवशी अर्ध्यावर सोडलं होतं.

आता बाईंची नदी सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय बाई कळत नाहीत.

आमचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून खूप आत, ग्रँड बँक्सच्या उथळ समुद्रात. वर लाटा, धुकं, उन्हाळ्याच्या तोंडाला वाहत येणारे हिमनग. पण तेल समुद्रात नसतं. ते तळाच्याही खाली, तीन-चार किलोमीटरवर, वाळूच्या दगडात असतं. दोन कणांमध्ये जी फट असते तिथे. लोकांना वाटतं खाली तळं आहे. बाई म्हणायच्या, "तळं नाही गं. ओल्या वाळूत पाणी असतं, तसं तेल."

आणि ती वाळू आली कुठून, हा बाईंचा जन्माचा विषय. तेरा-चौदा कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र नव्हता, सपाट दलदल होती. युरोप शेजारी होता. "पोर्तुगाल तेव्हा पलीकडच्या गल्लीत," असं त्या म्हणायच्या. त्या सपाटीवरून दक्षिणेकडून उत्तरेला एक नदी वाहत होती. तिने आणून टाकलेली वाळू म्हणजे आमचा तेलाचा दगड. पुढे जमीन फाटली, अटलांटिक उघडला, आणि त्या ओढाताणीत दगडाच्या थरांना तडे जाऊन एक बाजू खाली घसरली. अशा तड्याला इथे फॉल्ट म्हणतात. आमच्या क्षेत्राच्या उत्तरेला असा एक मोठा फॉल्ट आहे. अलीकडे आमच्या विहिरी, आमचं तेल. पलीकडे काही नाही.

म्हणजे काही नाही असं सगळे म्हणायचे. पलीकडे फार पूर्वी एकच विहीर खोदली होती. तिच्यात वाळू मिळाली नाही, नुसता करडा दगड. त्या वेळच्या माणसाने रिपोर्टात 'चिखल' असं लिहिलं आणि विषय संपला. ऑफिसात त्या भागाला 'मड ब्लॉक' असंच नाव पडलं होतं.

बाईंनी तो कोअर चावला होता. एकट्या त्यांनीच. आणि तो चिखल नव्हता, पोयटा होता. मला पहिल्या दिवशी दिलेली कपची त्यातलीच.

"पोयटा आपल्या पायांनी येत नाही," बाई सांगायच्या. "पुराबरोबर येतो. आमच्या कोल्हापुरात पंचगंगा चढली की खालच्या गल्लीत घराघरात शिरायची. पाणी उतरलं की जोत्यावर हा एवढा पोयटा. वाळू नाही, वाळू नदीतच राहते, जड असते. वर येतो तो पोयटा. मी लहानपणी तो फावड्याने ओढलाय. चपलांत, भांड्यांत, भाकरीतसुद्धा लागायचा. तीच कचकच. म्हणजे ही विहीर कुठे खोदली यांनी? काठावर. आणि काठावर उभं राहून म्हणतायत नदी नाही."

ही गोष्ट बाई तीस वर्षं सांगत होत्या. मॅनेजर बदलले, कंपनीचा लोगो बदलला, बाईंची गोष्ट तीच. पलीकडे, त्या जुन्या विहिरीपासून थोड्या पश्चिमेला, नदी आहे. तिची वाळू आहे. खोदून बघा.

नव्या आलेल्या प्रत्येकाला त्या या कोअरसमोर आठवडाभर बसवायच्या. मलाही बसवलं. तिसऱ्या दिवशी एका खोक्यात मला काळ्या बारीक फाटे फुटलेल्या रेघा दिसल्या.

"बाई, ही मुळं आहेत जी. आमच्याकडे कोळशाच्या थराखाली अशीच असतात. फील्डला बघितली होती."

बाईंनी साखळीतलं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ वाकून राहिल्या. मग जेरीला म्हणाल्या, "जेरी, या पोरीला खुर्ची दे." त्याआधी तीन दिवस मी उभी होते.

खुर्ची मिळाली म्हणजे घरी जेवायचं आमंत्रण मिळालं, असा तिथला रिवाज होता. बाईंचं घर चढाच्या रस्त्यावर, बाहेरून पिवळं, आत मसाल्याचा वास. न्यूफाउंडलंडला हेमंतात लोक मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या सांबराच्या, शिकारीला जातात आणि फ्रीजरमध्ये मावत नाही तेवढं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात. जेरी दर वर्षी बाईंना एक मोठा तुकडा द्यायचा. बाई त्याचा तांबडा रस्सा करायच्या. कोल्हापूरहून आलेला कांदालसूण मसाला, वर तवंग, आणि त्यात न्यूफाउंडलंडच्या जंगलातला मूस. जेरीची पहिली वाटी मी बघितली नाही, पण ऐकली आहे. म्हणे तो मागच्या दाराने बाहेर जाऊन बर्फात उभा राहिला, डोळे पुसले, आत आला आणि म्हणाला, "इज देअर मोर, माय लव्ह?"

मी जेवायला गेले तेव्हा माझ्या ताटात बाईंनी नळी वाढली. मी संकोचाने चमच्याने खात होते.

"चमचा ठेव," बाई म्हणाल्या. "वणीत चमच्याने खातात काय?"

"नाही जी."

"मग इथे कुणाला दाखवतीस?"

त्या घरी जेवताना फोन वाजला, की तो मुख्य भूमीवरच्या व्हिटबीहून रोहितचा असणार हे ठरलेलं. रोहित बाईंचा एकुलता एक मुलगा. तिकडे बायको, एक मुलगी आणि मोठं घर. आदल्या हिवाळ्यात बाई स्वतःच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना घसरल्या होत्या आणि मनगट मोडून घेतलं होतं. तेव्हापासून रोहितने लावून धरलं होतं. फोन नेहमी स्पीकरवर, कारण बाईंचे हात रश्श्याचे.

"आई, बेसमेंट पूर्ण झालंय. सेपरेट वॉशरूम, फ्लोअर हीटेड. तू फक्त ये."

"आमच्या धंद्यात बेसमेंट, म्हणजे तळाचा कठीण खडक, लागला की खोदणं थांबवतात, रोहित. त्याच्याखाली तेल नसतं."

"आई, प्लीज. यू आर सेव्हंटी-फाइव्ह. परत पडलीस तर कोण बघणार?"

"जेरी बघतो. वर्षा आहे," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

"जेरीला फोर्कलिफ्ट चालवता येते. तो नर्स नाहीये."

मागून नातीचा आवाज, "आजी, आय हॅव माय ओन रॉक कलेक्शन नाउ." यावर मात्र बाई पाघळायच्या.

"येते गं. येणारच आहे. एक विहीर होऊ दे."

"व्हॉट इफ दे नेव्हर ड्रिल इट?" रोहितने एकदा विचारलं.

बाईंनी हाडातला मगज काढायला नळी ताटावर आपटली. त्या दिवशी मला कळलं की बाई कशाला थांबल्या आहेत. पगाराला नाही, सवयीने नाही. पलीकडची नदी बघितल्याशिवाय त्यांना या गावातून निघायचं नव्हतं, आणि मनगटाने त्यांना सांगितलं होतं की हिवाळे फार उरलेले नाहीत.

त्याच वर्षी संधी आली. ड्रिलिंगच्या वार्षिक वेळापत्रकात एका विहिरीची जागा मोकळी झाली. आमच्या टीमचा प्रमुख ग्रॅहम. तो भूकंपमापनवाला, म्हणजे जहाजातून समुद्रतळाकडे आवाज सोडायचा, परत आलेला प्रतिध्वनी पकडायचा आणि त्यावरून खालच्या थरांचं रंगीत चित्र काढायचं. माणूस भला, पण त्याच्या चित्रात जे नाही ते जगात नाही, असं त्याचं मत. त्याला विहीर अलीकडेच, ओळखीच्या जागी हवी होती. बाईंना पलीकडे. मीटिंग ठरली.

मीटिंगला बाई डबा घेऊन आल्या. त्यात मोठमोठी चटणी सँडविचेस, तीन-तीन ब्रेडची, मध्ये हिरवी चटणी, तिच्यावर बटाटा, परत चटणी. वरिष्ठ मंडळी बसली होती. बाईंनी एक सँडविच टेबलाच्या मध्यभागी ठेवलं, सुरी घेतली, ते तिरकं कापलं आणि एक अर्धा भाग बोटाने खाली सरकवला.

"हिरवा थर म्हणजे आमची वाळू," त्या इंग्रजीत म्हणाल्या. बाईंचं इंग्रजीही कोल्हापुरी होतं, प्रत्येक शब्द ठासून. "इकडे वाळू. फॉल्टच्या पलीकडे ती खाली घसरली. हरवली नाही. घसरली. तुम्ही जुनी विहीर कुठे खोदली? या कडेला, जिथे मी चटणी लावलेली नाही. कडेला चटणी कोणीच लावत नाही. आणि चटणी मिळाली नाही म्हणून तुम्ही म्हणताय, हे सँडविच कोरडं आहे."

कोणीतरी हसलं. ग्रॅहमने चित्र दाखवलं, त्या जागी काही ठळक दिसत नाही म्हणाला. बाईंनी खिशातून कपच्या काढल्या आणि टेबलाभोवती सगळ्यांना एकेक वाटली. त्या खोलीत मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं बसून दगड चावत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बाई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या, पोरांनी औषध गिळलं की नाही हे बघावं तशा.

"परत चावा," एवढंच मधून मधून म्हणत होत्या.

कॅल्गरीहून आलेले सगळ्यात वरचे साहेब सावकाश म्हणाले, "इट्स गिटी... ग्रिटी." म्हणजे कचकचतंय.

"थँक यू," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

वाद संपला नाही, तास-दीड तास चालला. शेवटी ग्रॅहमनेच विचारलं, "मालती, तेल असेल?"

"मी वाळू म्हणतेय," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं वाळूच म्हणतेय."

ब्रेकनंतर बाईंना परत फॉल्ट दाखवायचा होता, तर टेबलावर सँडविच नव्हतं. ग्रॅहमच्या मिशीला हिरवं लागलेलं होतं.

"पुरावा कुणी खाल्ला?" बाईंनी विचारलं.

विहीर पलीकडे मंजूर झाली. मला अजून वाटतं त्यात चटणीचा वाटा होता.

खोदायला उन्हाळा उजाडला. बाईंनी रोहितला सांगून टाकलं, विहीर झाली की मी आले, मग ती कशीही निघो. रोहितने घाईघाईत बेसमेंटला नवा रंग दिला. इकडे बाई रोज सकाळी ऑफिसात यायच्या, समुद्रात खोदणाऱ्या रिगवरून आलेला रिपोर्ट वाचायच्या, आणि आज किती खाली गेलो ते मला सांगायच्या, जणू कोणी नात्यातलं प्रवासाला निघालंय. "आज चुनखडी लागली." "आज नुसती माती, लई कंटाळवाणी." चिखलावर चिखल येत गेला. विहीर ठरल्यावर ग्रॅहमने चित्रावरून वाळूची जी खोली काढून दिली होती, ती आली आणि गेली. वाळू नाही.

तो दिवस मला आठवतो. ऑफिसात बाईंशी कोणी बोलेना. नीट वागायचं म्हणून बोलत नव्हते, आणि तेच वाईट दिसत होतं. बाईंनी डबा उघडला आणि न खाता बंद केला.

"मनगट दुखतंय का जी?" मी विचारलं.

"नाही गं. पंचगंगेचं पाणी डोळ्यासमोर येतंय. वाटतं, मी जन्मभर आमच्याच नदीला बघत बसले की काय. इथली नव्हतीच कदाचित."

असं त्या कधी बोलत नसत. मी म्हणाले, "बाई, मुळं तर मी स्वतः बघितली. झाडं होती जी तिथे."

"हं," म्हणाल्या. "झाडं होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे स्पीकरफोनभोवती होतो. रिगवरचा जिओलॉजिस्ट बोलत होता. मागे यंत्रांची घरघर. म्हणाला, वाळू लागली. खूप खाली लागली, चित्रापेक्षा बरीच खाली, पण लागली. जाड थर आहे. कोअर कापतोय.

खोलीत आनंदाची लाट उठली आणि अर्ध्यावर बसली, कारण तो पुढे म्हणाला, "बट इट्स वेट." पाणी आहे. तेल नाही. फॉल्टच्या पलीकडची बाजू ग्रॅहमच्या अंदाजापेक्षा जास्त घसरली होती. तेल पाण्यावर तरंगतं. वाळूचा तो भाग इतका खाली गेला होता की तेलाच्या पातळीखालीच बुडाला होता.

साहेबांनी कपाळ चोळलं. ग्रॅहम आपल्या चित्राकडे बघत राहिला.

बाई फोनकडे वाकल्या. "वाळू कशी आहे?"

"ब्यूटिफुल, डॉक्टर सार," पलीकडून आवाज आला. "भरड, स्वच्छ, गोल कण. खालून वर बारीक होत गेलेली."

खाली भरड, वर बारीक. वाहती नदी अशीच वाळू टाकते. बाईंनी डोळे मिटले आणि उघडले.

"झालं की मग," म्हणाल्या.

पण नंतर कॉरिडॉरमधल्या बाकावर त्या एकट्या बसलेल्या मला दिसल्या. मी शेजारी बसले. "तेल असतं तर बरं झालं असतं गं," त्या म्हणाल्या. "या लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ग्रॅहमनेसुद्धा." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "एक बघायला पाहिजे. पाण्याचा दाब किती आहे ते विचार."

मी विचारलं. आकडा यायला दोन-तीन दिवस लागले आणि तो घेऊन ग्रॅहम स्वतः कोअर स्टोअरमध्ये आला, जॅकेट न घालता. त्या खोलीवर जेवढा दाब असायला हवा त्याहून तो कमी होता. आम्ही इतकी वर्षं अलीकडून तेल काढत होतो, त्याचा ओढा फॉल्ट ओलांडून पलीकडच्या पाण्यापर्यंत पोचला होता. म्हणजे फॉल्ट ही भिंत नव्हती, उघडं दार होतं. म्हणजे त्या विहिरीतून तेल येणार नसलं, तरी तिच्यातून खाली पाणी दाबलं तर ते अलीकडच्या तेलाला मागून ढकलणार होतं. असा ढकलणारा हात आमच्या क्षेत्राला उत्तरेकडून हवाच होता, आणि तो कुठून आणायचा हे कोणाला सुचत नव्हतं.

"मालती," ग्रॅहम म्हणाला, "विहीर फुकट गेली नाही. आपण ती इंजेक्टर करतोय."

बाईंनी तोंडातली कपची गालात सरकवली. "तीस वर्षं मी सांगतेय तिथे नदी आहे," त्या म्हणाल्या. "आणि आता तुम्हाला नवल वाटतंय, की नदीत पाणी सापडलं."

जेरी इतका हसला की त्याला फोर्कलिफ्ट बंद करावी लागली. ग्रॅहमही हसला, मग म्हणाला, "खोलीचं माझं चुकलं."

"चुकलं," बाई म्हणाल्या. "पण तू सँडविच खाल्लंस, तिथेच मी तुला माफ केलं."

त्या हिवाळ्याच्या आधी बाई निघाल्या. पिवळं घर एका नर्सने घेतलं. फ्रीजरमधला मूस मला मिळाला, मसाल्याचा डबाही. मी केलेला रस्सा जेरीने चाखला आणि "नॉट बॅड" म्हणाला, याचा अर्थ मला कळतो. वणीला फोनवर सांगितलं की मी मूस शिजवला, तर आईने विचारलं, "तो काय असते?" बाबा मागून म्हणाले, "तेलाचं विचार न तिला, निघालं का?" मी सांगितलं, "पाणी निघालं बाबा, पण चांगलं झालं." बाबा म्हणाले, "इकडे पाणी लागलं तर आम्ही पंप लावून उपसतो." मी म्हणाले, "आम्ही आत घालतो." ते बराच वेळ हसत होते.

एअरपोर्टवर जेरी आणि मी सोडायला गेलो. बाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, साखळी, भिंग सगळं जागेवर. रोहितने तिकीट अपग्रेड करून दिलं होतं, त्यावर त्यांचं म्हणणं, "पुढे बसलं म्हणजे आधी पोचतं काय?" जेरीला त्यांनी वाकायला सांगितलं आणि डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाल्या, "नवीन कोणी आलं की आठवडाभर बसवायचं. खुर्ची लगेच द्यायची नाही."

"हो जी."

मग त्या काचेपलीकडे सिक्युरिटीत गेल्या आणि आम्ही हात हलवून निघणार, तेवढ्यात त्यांची पर्स बाजूला काढली गेली. का, ते आम्हाला माहीत होतं. कोअर करवतीने चिरताना ट्रेमध्ये जो चुरा पडतो, तो टाकूनच देतात. जेरीने नव्या विहिरीचा चुरा धुऊन, वाळवून, लोणच्याच्या छोट्या बरणीत भरून बाईंना दिला होता, नातीच्या संग्रहासाठी. शिवाय त्या पलीकडच्या जुन्या विहिरीच्या दोन-चार करड्या कपच्या.

सिक्युरिटीतली पोरगी विशीतली असेल, गोरी, गालांवर ठिपके, इथलीच. तिने बरणी उजेडात धरली. बाई बोलत होत्या, हात हलवून, एक तळवा दुसऱ्या तळव्यावरून खाली घसरवत. म्हणजे फॉल्टपर्यंत आल्या होत्या. मागे रांग थांबली. सेंट जॉन्सची रांग, कोणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्याने तर पुढे वाकून कान दिला. पोरीने बरणी परत दिली आणि करड्या कपचीकडे बोट दाखवलं.

"ओ नो," जेरी म्हणाला.

बाईंनी कपची तिच्या तळहातावर ठेवली. पोरीने डावीकडे सुपरवायझरकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता. तिने हातमोजा काढला, कपची पटकन तोंडात टाकली, चावली, आणि काहीतरी म्हणाली.

"चिकल म्हणाली असणार," जेरी म्हणाला. "सगळे चिकलच म्हणतात. तूसुद्धा."

बाईंनी मान हलवली, नाही. त्यांचे ओठ हलले. काचेतून ऐकू येणं शक्य नव्हतं आणि ऐकायची गरजही नव्हती.

पोरीने कपची परत दातांत धरली.